समुद्रातल्या अभयारण्याची वेस कुठे असते?

दिवाळीच्या सुटीनंतर या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सहलीतून उपजलेले प्रश्न दरवर्षीच असतात. या वेळी त्यांतली बरीच पत्रे मालवणच्या समुद्राविषयी आली आहेत. मराठवाड्यातल्या एकाही जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही, आणि कदाचित म्हणूनच आमच्या वाचकांनी किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला सहसा सुचणार नाहीत असे प्रश्न विचारले आहेत. त्यांतली सहा पत्रे येथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेची सहल मालवणला गेली होती. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाताना होडीवाल्याने सांगितले, की हा परिसर सागरी अभयारण्यात येतो. मुलांनी पाटी, कुंपण, नाका असे काही दिसते का म्हणून चहूकडे पाहिले. दिसले ते फक्त पाणी. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात गेल्यावर आपण जंगलात आलो हे तरी कळते. समुद्रातले हे अभयारण्य नेमके कुठे आहे आणि मुलांना काय सांगावे? (एक शिक्षिका, औसा)

उत्तर : होडीवाल्याने खरे तेच सांगितले. राज्य सरकारने १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. त्याचे एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर असून त्यातले ३.१८२ चौरस किलोमीटर हे गाभा क्षेत्र आणि उरलेले २५.९४ चौरस किलोमीटर हे त्याभोवतीचे बफर क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगडाचे बेट आणि जवळपासची पाण्याखालची खडपे ही सगळी गाभ्यात मोडतात. म्हणजे किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरींत तुमची मुले डोकावत होती, तेव्हा ती अभयारण्याच्या ऐन गाभ्यातच उभी होती आणि तरीही अभयारण्य शोधत होती.

समुद्रातल्या अभयारण्याची वेस अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांत आणि नौकानयनाच्या नकाशावर असते. फार तर एखाद्या ठिकाणी तरंगता बोया बांधता येतो, पण कुंपणाचा तेथे उपयोगही नाही, कारण जपायचे ते एका जागी थांबत नाही. माशांची अंडी आणि डोळ्यांना न दिसणारी पिले प्रवाहाबरोबर आत-बाहेर वाहत असतात, भरतीबरोबर आलेला गाळ ओहोटीबरोबर जातो, आणि डॉल्फिनचा कळप सकाळी बफरमध्ये तर दुपारी हद्दीबाहेर असू शकतो. स्थिर असतो तो तळ. मालवणचे वेगळेपण तळाच्या खडपांत आहे. त्यांच्यावर प्रवाळ, समुद्रपंखे, स्पंज आणि सारगॅसमसारखी समुद्री शेवाळे वाढतात आणि त्यांच्या कपारींत माशांची पिले मोठी होतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळचे पाणी बहुतेक ठिकाणी गढूळ असते. जिवंत प्रवाळ दिसावेत अशा जागा येथे मोजक्याच आहेत.

मुलांना सांगायचे तर प्रवाळापासून सुरुवात करावी. प्रवाळ दगडासारखा दिसत असला तरी तो असंख्य बारीक प्राण्यांची वसाहत असतो. या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. पाणी फार तापले की ही शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढराफटक पडतो; काही आठवड्यांत पाणी निवले नाही तर तो उपाशी मरतो. त्यावर पाय दिला, होडीचा नांगर टाकला किंवा गाळाचा थर बसला, तरी परिणाम हाच. म्हणून पुढच्या वेळी स्नॉर्केलिंगला जाणाऱ्या मुलांना एवढेच सांगावे, की पाण्यात असताना पाय टेकवायला जागा शोधू नये. माशांना बिस्किटे टाकण्याचा प्रकारही बंद करावा; समुद्रातल्या माशाला आपल्या ग्लुकोजच्या बिस्किटाची गरज नाही.

पाण्यात न उतरता प्रवाळ पाहायचे असतील तर जामनगरजवळच्या नरारा येथे सहल न्यावी. कच्छच्या आखातातले सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये जाहीर झाले. तेथे भरती-ओहोटीत पाणी इतके चढते-उतरते, की ओहोटीला उघड्या पडलेल्या तळावरून चालत जाऊन प्रवाळ, ऑक्टोपस आणि समुद्री काकडी पाहता येतात. जाण्याआधी भरतीचे वेळापत्रक मात्र पाहून घ्यावे.

प्रश्न : भूगोलाच्या पुस्तकात भूखंडमंच म्हणजे समुद्राखालचा उथळ भाग एवढेच दिले आहे. समुद्र एवढा मोठा असताना सागरी अभयारण्ये या उथळ पट्ट्यातच का असतात? खोल समुद्राला संरक्षण नको का? (इयत्ता अकरावीचा विद्यार्थी, परभणी)

उत्तर : खोल समुद्रालाही संरक्षण हवेच, पण माणसाचा हात आधी पोहोचला तो उथळ भागात. भूखंडमंच, ज्याला समुद्रबूड जमीन असेही म्हणतात, हा खंडाचाच पाण्याखाली गेलेला काठ होय. त्याची खोली किनाऱ्यापासून हळूहळू वाढत साधारण २०० मीटरपर्यंत जाते आणि तेथून खंडान्त उतार सुरू होतो. मुंबईसमोर हा मंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे केरळपर्यंत जाताना तो अरुंद होत जातो. १९७४ मध्ये जेथे तेल सापडले ते मुंबई हाय याच मंचावर आहे, आणि किनारा तेथून दीडशे किलोमीटरहून दूर असूनही पाणी जेमतेम ७५ मीटर खोल आहे.

जगाच्या समुद्रक्षेत्रात अशा मंचांचा वाटा सुमारे ८ टक्के आहे, तरीही माणूस पकडतो त्या सागरी माशांपैकी बहुतांश मासे येथेच मिळतात. उजेड आणि खत या दोन्ही गोष्टी येथे एकत्र येतात, हे त्याचे कारण. तुमच्या घरी शेती असेल तर हे लवकर ध्यानात येईल. खोल समुद्रात पोषणद्रव्ये तळाशी बुडून राहतात आणि सूर्यप्रकाश वरच्या थरातच संपतो, म्हणजे ऊन एका शेतात आणि खत दुसऱ्या शेतात अशी गत होते. उथळ पाण्यात मात्र वारा आणि लाटा तळापर्यंतचे पाणी घुसळतात, नद्या नवे क्षार आणून टाकतात आणि ते सगळे उजेडाच्या टप्प्यात राहते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर कोळंबीसारखे बारीक जीव आणि त्यांच्यावर मासे.

हा पट्टा कायमचा समुद्र नव्हता, हेही तुमच्या पुस्तकात फारसे नसेल. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती आणि भूखंडमंचाचा मोठा भाग कोरडी जमीन होता. सिंधुदुर्ग ज्या कुरटे बेटावर बांधला आहे ते त्या काळी किनाऱ्यापासून आत, माळावरची एखादी टेकडी असणार. युरोपातल्या उत्तर समुद्रात डॉगर बँक नावाचा उथळ उंचवटा आहे. तेथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत मॅमथची हाडे येत आली आहेत आणि १९३१ मध्ये त्या समुद्रात एका ट्रॉलरच्या जाळ्यात शिंगापासून बनवलेले काटेरी भाल्याचे टोकही आले. आपल्या मांजरा नदीच्या थडीत प्राचीन हत्तींचे अवशेष मिळाले आहेत. उत्तर समुद्राच्या तळाखाली अशीच नद्यानाल्यांची जमीन बुडालेली आहे.

डॉगर बँकेची पुढची हकीकत संरक्षणाविषयी जास्त सांगते. तिचा ब्रिटनच्या हद्दीतला १२,००० चौरस किलोमीटरहून मोठा भाग वाळूचा उथळ तळ जपण्यासाठी २०१७ मध्ये संरक्षित ठरला. पण तोच तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांवर बंदी आली २०२२ मध्ये. मधली पाच वर्षे नकाशावर संरक्षण होते आणि पाण्यात नांगरट चालू होती. म्हणून कोणत्याही सागरी अभयारण्याची माहिती वाचताना क्षेत्रफळाचा आकडा पाहून थांबू नये, तेथे कोणते जाळे चालते आणि कोणते चालत नाही हे शोधावे.

प्रश्न : आम्ही भोई समाजाचे, जायकवाडी धरणाच्या नाथसागरावर मासेमारी करतो. धरणाचे पाणी पक्षी अभयारण्य झाल्यापासून आमच्या वडिलांना आज हटकतील, उद्या हटकतील अशी धास्ती कायम होती. मालवणच्या कोळ्यांचेही असेच झाले का? अभयारण्य म्हटले की आधी गरिबाचेच जाळे का उचलतात? (एक वाचक, पैठण)

उत्तर : तुमचा प्रश्न मालवणला १९८७ पासून विचारला जात आहे, आणि तुमच्यापेक्षा चढ्या आवाजात. मालवणचे अभयारण्य तुमच्या जायकवाडीच्या पक्षी अभयारण्यापेक्षा एक वर्षाने लहान. आकाराने तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तरीही त्याला झालेला विरोध मोठा होता, कारण ती हद्द एका चालत्या बंदरावर पडली. तेथल्या गाबीत आणि इतर मच्छीमारांचे म्हणणे असे, की ज्या पाण्यात आमच्या पिढ्या गेल्या त्याची हद्द आखताना आम्हाला कोणी विचारले नाही. हे म्हणणे मला रास्त वाटते. जमिनीवरचे अभयारण्य आखताना निदान सातबारा पाहावा लागतो. समुद्राला सातबारा नसतो, त्यामुळे तेथले वहिवाटीचे हक्क कागदावर दिसत नाहीत आणि ते नाहीतच असे मानले जाते.

पुढे कायद्याने ही उणीव काही अंशी मान्य केली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात १९९१ मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्यातल्या कलम २६-अ नुसार प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर राज्याने केंद्राची पूर्वसंमती घ्यावी लागते, हद्द ठरवताना नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांचा सल्ला घ्यावा लागतो आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्यासाठी पुरेसे उपाय आधी करावे लागतात. हे शेवटचे वाक्य तुम्ही लक्षात ठेवावे असे आहे. मालवणची घोषणा या दुरुस्तीच्या चार वर्षे आधीची, त्यामुळे सुरुवातीलाच जी गाठ बसली ती पुढे सहज सुटली नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा उत्तरार्ध. मालवणच्या किनाऱ्यावर रापण नावाची जुनी मासेमारी आहे. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घेत लांबलचक जाळे सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात. मिळालेल्या मासळीत जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या हातांचा वाटा ठरलेला असतो. रापण मासा किनाऱ्याशी येण्याची वाट पाहते. पर्ससीन जाळे यंत्राच्या बोटीवरून थव्याला घेरते, खालून नाडी आवळावी तसे बंद होते आणि एका फेरीत अख्खा थवा उचलते. ट्रॉलर तर तळाशी जाळे ओढत नेतो आणि हवे-नको ते सगळे त्यात येते. रापणवाल्याची तक्रार अशी, की मासा किनाऱ्याला लागायच्या आत बाहेरच घेरला जातो. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर मोठे निर्बंध घातले, आणि २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांनी मासे गोळा करण्याला मनाई केली. तरीही या दोन्हींच्या तक्रारी कोकणातून दर हंगामात येतात.

म्हणून माझे मत असे, की उथळ समुद्रात संरक्षण म्हणजे प्रामुख्याने जाळ्याचे नियमन होय, आणि त्यात लहान मच्छीमार हा संरक्षणाचा पहिला साथीदार ठरू शकतो, कारण ट्रॉलर हद्दीत शिरला हे वनरक्षकाच्या आधी त्यालाच दिसते. त्याला आरोपी करून सुरुवात केली तर ही नजर आपण गमावतो. तामिळनाडूलगतच्या मनारच्या आखातातही शेवाळ गोळा करणाऱ्या बायकांची हीच तक्रार राहिली. तेथे १९८६ मध्ये २१ बेटांचे राष्ट्रीय उद्यान झाले. चुन्यासाठी प्रवाळ काढला जात होता, त्याने झालेली हानी मोठी आणि ती थांबवणे आवश्यकच होते. पण कंबरभर पाण्यात उभे राहून हाताने शेवाळ खुडणारी बाईही त्याच बंदीत सापडली.

नाथसागराविषयी एवढेच सांगतो, की तेथला प्रश्न वेगळा आहे. धरणातली मासळी मुख्यत्वे बीज सोडून वाढवलेली असते, समुद्रातली स्वतः विणते. विणीचा हंगाम पाळणे मात्र दोन्हीकडे सारखेच लागू आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी जून आणि जुलै हे दोन महिने बंद असते, ते पावसामुळे जसे तसे याही कारणाने.

प्रश्न : आंग्रिया बँक नावाचे प्रवाळक्षेत्र महाराष्ट्रासमोर भर समुद्रात असल्याचे वाचले. ते किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटर दूर असेल तर त्यावर राज्याचा अधिकार चालतो का? त्याचे अभयारण्य कोणत्या कायद्याने होईल? (एक वकील, उदगीर)

उत्तर : अभयारण्य या नावाने ते होणे अवघड आहे, आणि त्याचे कारण तुमच्याच क्षेत्रातले आहे. प्रादेशिक समुद्र किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत असतो. वन्यजीव कायद्यातले सागरी अभयारण्य एवढ्याच पाण्यात आखता येते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतला विषय आहे, पण प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी संघसूचीत आहे. आंग्रिया बँक १२ मैलांच्या बऱ्याच पुढे, पण २०० सागरी मैलांच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात येते. तेथे १९७६ चा सागरी क्षेत्रांविषयीचा केंद्रीय कायदा लागू असून त्यानुसार केंद्र सरकार एखादा भाग ‘निर्दिष्ट क्षेत्र’ म्हणून जाहीर करू शकते आणि तेथल्या साधनसंपत्तीसाठी व सागरी पर्यावरणासाठी नियम करू शकते. राज्याने आग्रह धरावा, पण सही दिल्लीची लागते.

जागा मात्र हेवा वाटावा अशी आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा हा बुडालेला पठारी उंचवटा सुमारे ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद आहे, त्याच्या माथ्यावर पाणी साधारण २० मीटर आहे आणि भोवतीचा तळ खोल उतरत जातो. किनाऱ्याचा गाळ तेथवर पोहोचत नसल्याने पाणी नितळ राहते, उजेड खोलवर जातो आणि प्रवाळ वाढतो. ओहोटीलाही तो पाण्याबाहेर येत नाही. देवगिरीच्या किल्ल्यावर उभे राहून आपण खालचा मुलूख पाहतो, तशी टेकडी समुद्रात आहे आणि तिचा माथाच तेवढा उजेडात आहे, अशी कल्पना करावी.

प्रश्न : आमच्या आठवडी बाजारात सुकट आणि बोंबील येतात. ते अशा संरक्षित भागातून चोरून आणलेले असू शकतात का? खावेत की नाही? (एक गृहिणी, गेवराई)

उत्तर : निश्चिंत मनाने खावेत. बोंबील हा चिखलाळ तळाच्या उथळ समुद्रातला मासा असून तो प्रामुख्याने मुंबई, पालघर आणि गुजरातच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यांत मिळतो. प्रवाळांच्या खडपांशी त्याचा संबंध नाही. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, तोही त्याच पट्ट्यातला. घेताना एकच पाहावे : सुकटीत बोटभर लांबीचीही नसलेली इतर माशांची पिले फार मिसळलेली असतील, तर ते जाळे फार बारीक आसाचे, म्हणजे बारीक छिद्रांचे, होते असे समजून दुसऱ्या पाटीकडे वळावे.

प्रश्न : आमच्या गावातून गोदावरी वाहते. तिच्यात सोडलेले सांडपाणी आणि निर्माल्य शेवटी समुद्रातल्या अभयारण्यात जाते का? मालवणला त्याचा त्रास होत असेल का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : मालवणला नाही. सह्याद्रीमुळे मराठवाड्याचे जवळजवळ सगळे पाणी गोदावरी आणि कृष्णा यांच्या खोऱ्यांतून पूर्वेला, बंगालच्या उपसागरात जाते. यालाही अपवाद आहे : अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर उत्तरेला तापीस मिळते, म्हणून सोयगावकडच्या काही गावांचा पाऊस अरबी समुद्र पाहतो.

गोदावरी मात्र ज्या समुद्राला मिळते तेथे एक अभयारण्य आहेच. १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून ती आंध्र प्रदेशात फाटे फुटून समुद्रात शिरते, आणि तिच्या गौतमी या शाखेच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगा अभयारण्य आहे. सुमारे २३५ चौरस किलोमीटरचे हे खारफुटीचे जंगल १९७८ मध्ये संरक्षित झाले. तेथल्या खाड्यांत कोळंबी आणि माशांची पिले वाढतात आणि मोठी होऊन बाहेरच्या उथळ समुद्रात जातात. जवळच्या होप बेटावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात.

नांदेडचा हार-फुलांचा ढीग जसाच्या तसा तेथे पोहोचत नाही, कारण वाटेत पोचमपाड, धवळेश्वरम असे बांध आणि शेकडो किलोमीटरचा प्रवाह आहे. पण विरघळलेली खते आणि प्लॅस्टिकचे बारीक तुकडे बांधांना जुमानत नाहीत; पुराच्या दिवसांत ते पुढे जातातच. नत्राचा भार वाढला की मुखाजवळ शैवाल माजते, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि तळाचे जीव गुदमरतात. गाळाचे मात्र उलट आहे. धरणांनी तो अडवला, त्यामुळे मुखाशी पूर्वीइतका गाळ जात नाही, आणि ज्या गाळावर खारफुटी उभी राहते त्या जमिनीचा काठ समुद्र कुरतडतो. म्हणजे आपल्याकडून कोरिंग्याला जे जायला हवे ते आपण पैठणपासून ठिकठिकाणी धरून ठेवतो आणि जे जायला नको ते सोडून देतो. निर्माल्यासाठी घाटावर कुंड असेल तर त्यात टाकावे, नसेल तर ग्रामपंचायतीकडे मागावे. सांडपाण्याचा नाला कोठे नदीत शिरतो ते छायाचित्रासह लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.